जिथे पैसा, तिथे कागद: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पूर्वजाचा शोध

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अशी मुले वाढताहेत, ज्यांची एक खापरपणजी साताऱ्याची आणि दुसरी ओहायोची. साताऱ्याच्या बाजूला निदान मूळ गाव ठाऊक असते आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात चार पिढ्यांची नावे मिळण्याची आशा असते. ओहायोच्या बाजूला असा चोपडा नाही. एकोणिसाव्या शतकात अख्ख्या देशासाठी जन्ममृत्यूची नोंदणीच नव्हती. मात्र पेन्शन देताना, जमीन नावावर करताना आणि वारसांत वाटणी करताना झालेले कागद तिथे ढिगांनी उरले आहेत. ज्या कागदाच्या जोरावर कुणाला तरी पैसे मिळणार होते, त्यात बायकामुलांची नावे पारखून लिहिलेली असतात. म्हणून जनगणनेतून माणसाचा ठावठिकाणा काढायचा आणि मग अशा कागदांकडे वळायचे.

आधी काउंटी, मग नाव

'जॉन मिलर, जन्म १८३८ च्या सुमारास, पेनसिल्व्हेनिया' एवढेच घेऊन बसलात, तर शेकड्यांनी जॉन मिलर समोर येतील आणि त्यातला कुठला आपला ते कळणार नाही. त्यामुळे सुरुवात शेवटाकडून करावी. घरात ठाऊक असलेल्या सर्वांत जवळच्या पिढीपासून एकेक पायरी मागे जायचे. आजीच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला, त्यावरून त्यांच्या आईवडिलांची नावे, मग त्या आईवडिलांचे १९०० सालचे घर. मधली पायरी गाळून थेट १८५० वर उडी मारली की दुसऱ्याच कुणाचे तरी घराणे आपले म्हणून जोडले जाते. इंटरनेटवरच्या तयार वंशवृक्षांत हाच घोटाळा सर्वांत जास्त दिसतो. ते वृक्ष सुगावा म्हणून वापरावेत, पुरावा म्हणून नव्हे.

प्रत्येक टप्प्यावर पहिला प्रश्न काउंटीचा. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधले प्रकरण. खरेदीखते, मृत्युपत्रे आणि लग्नाचे परवाने बहुतेक राज्यांत काउंटीच्या कोर्टहाउसात. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसेच्युसेट्ससारख्या ईशान्येच्या राज्यांत, मात्र जन्म, मृत्यू आणि लग्नाच्या नोंदी गावाच्या कारकुनाकडे असत. शिवाय काउंटीच्या हद्दी सतत बदलत गेल्या. कुटुंब एकाच शेतात ४० वर्षे राहिले आणि तेवढ्यात शेत तीन काउंट्यांत फिरून आले, असे सर्रास घडले आहे. नवी काउंटी निघाली तरी जुने दप्तर सहसा मूळ काउंटीतच राहिले. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या हद्दींचा नकाशासंग्रह फुकट खुला ठेवला आहे. तारीख टाकली की त्या दिवशीची हद्द दिसते. वेस्ट व्हर्जिनिया हे राज्यच २० जून १८६३ रोजी जन्माला आले. त्यामुळे एकाच माणसाचे जन्मस्थान एका जनगणनेत 'व्हर्जिनिया' आणि दुसरीत 'वेस्ट व्हर्जिनिया' असेल, तर ती चूक नव्हे.

जनगणना उलटी वाचावी

संघराज्याची जनगणना १७९० पासून दर १० वर्षांनी झाली. 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर फुकट खाते उघडून भारतातूनही ती पाहता येते. मूळ पानांची काही चित्रे मात्र त्यांच्या केंद्रांतून किंवा संलग्न ग्रंथालयांतूनच उघडतात.

सुरुवात १९०० पासून करा, कारण त्या वर्षी जन्माचा महिना आणि साल दोन्ही विचारले होते. लग्नाला किती वर्षे झाली, बाईला एकूण किती मुले झाली आणि त्यातली किती हयात आहेत, हेही आहे. 'झाली ९, हयात ५' असे दिसले, तर चार मुलांच्या नोंदी अजून शोधायच्या आहेत. परदेशात जन्मलेल्यांसाठी देशात आल्याचे साल आहे आणि नागरिकत्वाच्या रकान्यात दोन अक्षरे आहेत: एनए म्हणजे नागरिक झालेला, पीए म्हणजे पहिला अर्ज केलेला, एएल म्हणजे परकीय.

१८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते पहिल्यांदा लिहिले गेले आणि प्रत्येकाच्या आईवडिलांचे जन्मस्थानही. त्याआधीच्या १८७०, १८६० आणि १८५० मध्ये नात्याचा रकानाच नाही. घरातली ३० वर्षांची बाई १४ वर्षांच्या मुलाची आई असेल, सावत्र आई असेल किंवा मोलकरीणही असेल. पहिली बायको बाळंतपणात जाणे आणि वर्षभरात दुसरी येणे त्या काळी नेहमीचे होते. म्हणून १८८० पूर्वीच्या जनगणनेवरून 'आई' ठरवू नये.

१८५० च्या आधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव. बाकी माणसे वयोगटाच्या रकान्यांत आकडे म्हणून बसवलेली. तरीही त्या पानाचा उपयोग आहे. १८५० मधल्या घरातली वये १० ने कमी करून १८४० च्या रकान्यांवर ठेवून पाहा. जुळली तर घर बहुधा तेच. एखादा जास्तीचा मुलगा दिसला, तर तो मधल्या काळात गेला असेल, लग्न करून वेगळा झाला असेल किंवा मुळात घरचा नसेलच.

वयात दोन-तीन वर्षांचा फरक आला म्हणून नोंद टाकून देऊ नका. माहिती कुणी दिली हे १९४० पूर्वी लिहीतच नव्हते. मालक शेतात आणि दारात आलेल्या गणकाला शेजारणीने उत्तरे दिली, असेही होई. नावांचे तर विचारूच नका. श्मिट, श्मिड आणि स्मिथ एकच कुटुंब असू शकते. साउंडेक्स या उच्चारावर आधारलेल्या सूचीपद्धतीत स्मिथ आणि श्मिट दोघांनाही एस-५३० हाच क्रमांक मिळतो. हस्ताक्षरात एल, एस आणि टी सारखे दिसतात, आय आणि जे तर एकच. शब्दात दोन एस लागोपाठ आले की पहिला लांबट काढत, तो एफ किंवा पी वाटतो. पॉली म्हणजे बहुधा मेरी, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट. आपल्याकडे ताई, माई, अक्का ही नावे दप्तरी चढली असती तर जो गोंधळ झाला असता, तोच हा.

नोंद सापडली की पानावरून लगेच उठू नका. आधीची आणि नंतरची दोन-दोन पाने वाचा. शेजारी कोण आहेत ते वहीत उतरवा. माणसे नातेवाइकांच्या आणि गाववाल्यांच्या टोळीने पश्चिमेकडे सरकत. बायकोचे माहेर बरेचदा दोन शेते ओलांडून सापडते.

१८९० ची जनगणना बहुतांशी गेली. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, पाण्याने आणखी नासधूस झाली आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच निकालात काढले. सुमारे ६ हजार नावे शिल्लक आहेत. त्यामुळे १८८० ते १९०० ही २० वर्षांची खिंडार बुजवावी लागते. या काळात मुले मोठी होऊन पांगतात, मुलींची आडनावे बदलतात आणि म्हातारे जातात. त्यासाठी राज्यांच्या स्वतंत्र गणना पाहा: न्यूयॉर्क १८९२, कॅन्सस, आयोवा आणि मिनेसोटा १८८५ व १८९५, नेब्रास्का १८८५. यादवी युद्धातल्या (१८६१-६५, उत्तरेची राज्ये विरुद्ध दक्षिणेची) सैनिकांची आणि विधवांची १८९० सालची खास यादी केंटकीपासून वायोमिंगपर्यंतच्या, म्हणजे इंग्रजी अकारविल्हे नंतर येणाऱ्या राज्यांची उरली आहे. शहरी कुटुंब असेल, तर दरवर्षी छापली जाणारी शहर-निर्देशिका सर्वांत कामाची. नवऱ्याचे नाव एका वर्षी गळते आणि पुढच्या वर्षी बायको 'विधवा' म्हणून त्याच पत्त्यावर येते. मृत्यूचे साल मिळाले.

जनगणनेची जोडपत्रके फारसे कुणी पाहत नाही. १८५० ते १८८० या चार गणनांबरोबर आधीच्या १२ महिन्यांत मेलेल्यांची यादी केलेली आहे. शेतीचे पत्रकही आहे. त्यात किती एकर, किती घोडे, किती दुभत्या गाई, लोणी किती पौंड हे सगळे. एकाच काउंटीत एकाच नावाचे दोन शेतकरी असतील, तर त्यांना वेगळे करायला याच्यासारखे साधन नाही.

जन्म, मृत्यू, लग्न

इथे फार वेळ घालवण्याआधी राज्याने नोंदणी कधी सुरू केली ते पाहावे. मॅसेच्युसेट्सने १८४१ मध्ये केली. ओहायोत काउंटीच्या पातळीवर १८६७ पासून. पेनसिल्व्हेनियात राज्यपातळीवर १९०६ उजाडले, जॉर्जियात १९१९. म्हणून पेनसिल्व्हेनियातला १८३८ चा जन्मदाखला शोधत बसू नये, तो नाही. चर्चची बाप्तिस्मा-वही मात्र असू शकते. लग्नाच्या नोंदी बहुतेक ठिकाणी खूप आधीपासून आहेत, पण परवाना काढल्याची तारीख आणि प्रत्यक्ष लग्नाची तारीख वेगवेगळ्या असतात. परवाना काढूनही लग्न न झालेली जोडपी दप्तरात आहेत.

पेन्शनची फाइल

पूर्वज १८२० ते १८४५ च्या दरम्यान जन्मला असेल आणि उत्तरेकडचा असेल, तर सगळे बाजूला ठेवून आधी हे पाहा. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने यादवी युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाला, मेलेल्याच्या विधवेला आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पेन्शन मिळू लागली. २७ जून १८९० च्या कायद्याने ९० दिवस नोकरी केलेल्या आणि अंगमेहनत न झेपणाऱ्या कुणालाही ती मिळू लागली, मग दुखणे युद्धातले असो वा नसो. त्यामुळे लाखो माणसांनी अर्ज केले.

विधवेला लग्न सिद्ध करावे लागे, आधीचा नवरा असेल तर त्याचा मृत्यू सिद्ध करावा लागे आणि प्रत्येक मुलाची जन्मतारीख द्यावी लागे. दाखले नव्हतेच, म्हणून सुईणीची प्रतिज्ञापत्रे आहेत, शेजाऱ्यांची आहेत, कधी घरच्या बायबलातले जन्मतारखांचे पान फाडून जोडलेले आहे. १८९८ मध्ये पेन्शन खात्याने सैनिकांकडून एक छापील प्रश्नावली भरून घेतली. बायकोचे माहेरचे आडनाव काय, लग्न कुठे आणि कुणी लावले, आधी लग्न झाले होते का, हयात मुले कोण आणि त्यांच्या जन्मतारखा काय. ते एक पान हाती आले, तर चार वर्षांचा शोध वाचतो. खात्याला शंका आली की खास तपासनीस गावात जाऊन जबान्या घेई. दोन बायका पेन्शन मागायला पुढे आल्या, तर त्या फाइलीत सगळ्या आळीच्या साक्षी सापडतात.

रीत अशी. आधी सैनिकाचे नाव आणि पलटण ठरवा. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर सैनिकांची यादी फुकट आहे. मग पेन्शनच्या सूचीतले कार्ड शोधा. त्यावर सैनिक, विधवा आणि अज्ञान मुले अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे अर्जाचा व मंजुरीचा असे दोन क्रमांक असतात. मंजुरीचा क्रमांक असेल तर तोच वापरायचा. विधवेचा दावा मंजूर झाला असेल, तर नवऱ्याचे कागदही सहसा तिच्याच फाइलीत घातलेले असतात. प्रत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून ८५ क्रमांकाच्या फॉर्मने मागवतात. मागवताना पूर्ण फाइल मागा. निवडक कागदांच्या संचात जबान्या येत नाहीत आणि खरा माल तिथेच असतो. सैनिकाची सेवानोंद ही वेगळी गोष्ट. त्यात हजेरीपट आहे, कुटुंब जवळपास नाही.

दक्षिणेकडून लढलेल्यांना संघराज्याने पेन्शन दिली नाही. ती दक्षिणेच्या राज्यांनी नंतर दिली. अर्ज करताना माणूस ज्या राज्यात राहत होता, त्या राज्याच्या दप्तरात ती फाइल असते. अलाबामाच्या पलटणीतला माणूस म्हातारपणी टेक्सासात असेल, तर टेक्सासात शोधा.

जमीन

आधी राज्य कोणत्या जातीचे ते बघा. मूळची १३ राज्ये, त्यांतून फुटलेली, टेक्सास आणि हवाई इथे जमीन राज्याने वाटली, मोजणी चतुःसीमेने. 'ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून अमुक काठ्या उत्तरेला, तमुकच्या कुंपणापर्यंत', आपल्या जुन्या खरेदीखतांसारखेच. बाकी ३० राज्यांत संघराज्याने जमीन चौकोनांत कापली. ६ मैल लांब आणि ६ मैल रुंद अशी टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकर.

२० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने २१ वर्षांवरच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला, अथवा नागरिकत्वासाठी पहिला अर्ज केलेल्याला, १६० एकर मिळत. अट अशी की ५ वर्षे राहायचे, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार आणायचे. डॅनियल फ्रीमनने १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी, नेब्रास्कातल्या ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत अर्ज केला. तोच अर्ज क्रमांक १. पट्टा, म्हणजे जमीन नावावर करून देणारा सरकारी कागद, १८६९ मध्ये निघाला. त्यावर जमिनीचे वर्णन आहे: टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व (म्हणजे मोजणीच्या आधाररेषांपासून उत्तरेला चौथी आणि पूर्वेला पाचवी टाउनशिप), सेक्शन २६. वायव्य चतकोराचा दक्षिण अर्धा ८० एकर, त्याच चतकोराचा ईशान्य तुकडा ४० आणि ईशान्य चतकोराचा नैर्ऋत्य तुकडा ४०. कागदावर चौकोन काढून हे तुकडे रंगवले, की उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखी शेताची आकृती समोर येते. आपल्या पूर्वजाच्या पट्ट्यावरही हे करून पाहावे आणि शेजारच्या चौकोनांतली नावेही भरावीत.

पण पट्टा हा नुसता उतारा. माणूस दिसतो तो त्यामागच्या फाइलीत. फ्रीमनच्या साक्षीदारांनी सांगितले की सुमारे ३५ एकर नांगरले आहे. घर १४ बाय २० फूट, थोडे ओंडक्यांचे आणि थोडे फळ्यांचे, दोन दारे आणि दोन खिडक्या. शिवाय तबेला, १०० फूट लांबीचा मेंढवाडा, ४० सफरचंदाची आणि ४०० च्या आसपास पीचची झाडे. घरात बायको आणि दोन मुले. अर्जदार परदेशात जन्मलेला असेल, तर याच फाइलीत नागरिकत्वाच्या कागदाची प्रत मिळते.

पट्टे जमीन व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात, फुकट. तिथून राज्य, जमीन कचेरी, अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचे वर्णन उतरवून घ्या. हे चारही दिले, की राष्ट्रीय अभिलेखागारात मूळ फाइल निघते. फसगत होते ती इथे: त्या संकेतस्थळावर फक्त ज्यांना पट्टा मिळाला ते आहेत. टोळधाड, दुष्काळ किंवा कर्जामुळे अर्ध्यावर सोडून गेलेले तिथे दिसत नाहीत आणि असे सोडून गेलेले अर्धेअधिक होते. त्यांच्या रद्द झालेल्या फाइलीही अभिलेखागारात आहेत. त्या नावाच्या सूचीवाचून, कचेरीच्या वह्यांतून शोधाव्या लागतात.

पुढची खरेदीविक्री काउंटीच्या दप्तरात. सूची दोन असतात, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोन्ही पाहायच्या. जमीन विकताना बायकोला हक्कसोड म्हणून सही करावी लागे. १८५८ च्या खतात बायको हॅना आणि १८६१ च्या खतात कॅथरीन दिसली, तर पहिली गेली किंवा हे दोन वेगळे जॉन मिलर आहेत. 'अविभक्त एक-सप्तमांश हिस्सा' विकल्याचे खत दिसले, तर बाप वारला आणि वाटे सात होते. एखाद्याने एक-एकविसांश विकला असेल, तर तो मेलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या तीन मुलांपैकी एक.

वारसा आणि पालकत्व

मृत्युपत्र सापडले की लोक खूश होतात, पण मृत्युपत्र न करता मेलेल्याचे प्रकरण जास्त बोलके असते. कारण कोर्टाला सगळे वारस लागतात, लग्न होऊन दूर गेलेल्या लेकींसकट, नवऱ्याच्या नावासह आणि राहण्याच्या ठिकाणासह. मृत्युपत्रात मात्र बापाने ज्याला आधीच जमीन दिली त्याचे नाव गाळलेले असू शकते. सूचीतला एक कागद पाहून थांबू नका. अर्ज, मालमत्तेची यादी, लिलावाचा हिशेब आणि शेवटचे वाटप असा अख्खा गठ्ठा मागा. लिलावात कढई आणि खोगीर विकत घेणारे बहुतेक सोयरेच असतात.

शब्दांनी फसू नका. आपल्या जुन्या खतांत 'अज्ञान' म्हणजे अल्पवयीन, तसा त्यांच्या कागदात 'इन्फंट' म्हणजे २१ च्या आतला, तान्हा नव्हे. 'ऑर्फन' म्हटले म्हणून आई मेलेली असतेच असे नाही, बाप गेलेला पुरे. आई हयात असतानाही मालमत्तेसाठी कोर्ट दुसरा पालक नेमी. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे काका-पुतण्याही असतात आणि कधी परकेही. थोरला मेला की धाकटा ज्युनियर सीनियर होतो.

या गठ्ठ्यांच्या सूची अपुऱ्या असतात. फॅमिलीसर्चवर आता हस्तलिखित खते आणि मृत्युपत्रे संगणकाने वाचून त्यांच्या पूर्ण मजकुरात शोध घेता येतो. त्यामुळे साक्षीदार, शेजारी किंवा जामीनदार म्हणून आलेले नावही सापडते. वाचन चुकीचे असू शकते, म्हणून मूळ चित्र उघडून पाहिल्याशिवाय काही उतरवू नये.

कोर्टहाउस जळाले असे उत्तर आले, तरी हात टेकू नका. शिकागोचे काउंटी दप्तर ऑक्टोबर १८७१ च्या आगीत गेले, पण पेन्शन आणि जनगणना वॉशिंग्टनला होती, वर्तमानपत्रे इतर गावांत होती. शिवाय जमिनीचे मालक आपापली खते पुन्हा नोंदवून घेत.

बाहेरून आलेला माणूस

'एलिस आयलंडवर आडनाव बदलले' ही कथा घराघरात आहे. एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातले स्थलांतरितांचे तपासणी-केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले. १८५४ मध्ये आलेला माणूस तिथे उतरलाच नाही. न्यूयॉर्कचे त्याआधीचे केंद्र कॅसल गार्डनसुद्धा १८५५ चे. प्रवाशांच्या याद्या जहाज कंपनी तयार करी, आडनाव बदलले ते माणसांनी स्वतः, हळूहळू. याद्या १८२० पासून आहेत, पण कॅनडामार्गे आलेल्यांच्या नोंदी १८९५ पूर्वी नाहीत.

नागरिकत्व २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी दप्तर ठेवणाऱ्या कुठल्याही कोर्टात घेता येई. त्या कागदांत बहुधा नाव आणि देश एवढेच असते. बायको आणि अज्ञान मुले नवऱ्याबरोबरच नागरिक होत, म्हणून त्यांचा वेगळा कागद शोधू नये. मूळ खेडे बहुतेकदा चर्चच्या वहीत, थडग्यावर किंवा जर्मन भाषेतल्या अमेरिकन वर्तमानपत्रातल्या मृत्युवार्तेत सापडते. खेडे कळेपर्यंत युरोपातल्या नोंदींना हात लावू नये.

एक उलटी वाटही आहे. पूर्वज बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचा मिशनरी म्हणून मुंबईला किंवा नगरला गेला असेल, तर शेवटचा कागद काउंटीत मिळणार नाही. बोर्डाची माणसे मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये पोहोचली. त्यांचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. फुल्यांच्या चरित्रातून ओळखीच्या झालेल्या सिंथिया फरार याच मिशनच्या, १८२७ मध्ये आलेल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारलेल्या.

१८७० ची भिंत

पूर्वज गुलामीत होते, तर वरची रीत १८७० ला येऊन थांबते. नावानिशी त्यांची गणना पहिल्यांदा तेव्हाच झाली. १८५० आणि १८६० च्या गुलाम-पत्रकांत मालकाचे नाव आहे, माणसांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. १८७० च्या घराभोवतालचे गोरे आणि काळे दोन्ही शेजारी उतरवा. मग मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी कचेरीचे, म्हणजे फ्रीडमन्स ब्यूरोचे, १८६५ ते १८७२ चे मजुरीचे करार आणि त्यांच्यासाठीच काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या १८६५ ते १८७४ च्या वह्या पाहा. बँकेच्या काही नोंदींत आईबाप, भावंडे आणि जुन्या मालकाचेही नाव आहे. यादवी युद्धात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांच्या पेन्शन फाइलींत गुलामीतल्या लग्नांच्या साक्षी आहेत, ज्या दुसरीकडे कुठेच नाहीत. मालक कोण ते कळले, की त्याच्या वारशाच्या गठ्ठ्यात माणसे पहिल्या नावाने आणि किमतीसकट लिहिलेली सापडतात. आडनाव शेवटच्या मालकाचेच असेल असे धरू नका. बरेचदा ते आधीच्या मालकाचे किंवा स्वतः निवडलेले असते.

टाचण

प्रत्येक माणसाला एक तक्ता करा: तारीख, काउंटी, घटना, बायकोचे नाव, साक्षीदार, कागद कुठे आहे. एकाच नावाचे दोघे असतील, तर दोघांचे तक्ते वेगळे ठेवा आणि प्रत्येक नवा कागद कुणा एकाच्याच तक्त्यात बसतो का ते पाहा. न बसणारा कागद तिसऱ्या पानावर ठेवा, ओढूनताणून कुठेही चिकटवू नका. जिथे शोधून काही मिळाले नाही, तेही तारखेसह लिहा. कोणत्या वर्षांची सूची पाहिली आणि आडनावाची कोणती स्पेलिंगे तपासली तेही, नाहीतर दोन वर्षांनी तीच वही पुन्हा चाळली जाते. थडग्यांच्या संकेतस्थळावरची माहिती उतरवताना दगडाचा फोटो आहे का ते बघा. फोटो असला, तरी दगड नातवंडांनी ५० वर्षांनी बसवलेला असू शकतो, मग तारीख ऐकीव. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त जुनी वर्तमानपत्रे फुकट आहेत. तिथे पूर्वजाच्या नावाआधी जावयांची नावे टाकून पाहा. 'आजारी सासऱ्यांना भेटायला गेल्या आठवड्यात अमुक गावी गेले' अशा दोन ओळींच्या बातम्यांतून म्हातारा शेवटी कुणाकडे राहत होता ते कळते.